फ्लॉवरपॉट: रंगामागची भूमिती

डॅनिश डिझायनर व्हर्नर पँटन (१९२६–१९९८) यांचा ‘फ्लॉवरपॉट’ हा छताला टांगायचा दिवा १९६८ चा. त्याचे भडक रंग पाहून तुम्ही त्याला शोभेची वस्तू समजाल. रंग क्षणभर बाजूला ठेवा आणि वहीत त्याचा उभा छेद काढून पाहा. धातूचे दोन अर्धगोल, तोंडे समोरासमोर. खालचा साधारण वरच्याच्या निम्मा. बल्ब खालच्या वाटीआड लपतो, म्हणून डोळ्यांवर तिरीप येत नाही. प्रकाश वरच्या अर्धगोलाच्या आतल्या बाजूवर आपटतो आणि वाटीभोवतीच्या मोकळ्या जागेतून खाली पसरतो. एवढ्या कमी भागांत हे साधणे हीच पँटन यांची खरी करामत. रंगांचे कौतुक मला जरा जास्तच झालेले वाटते.

उणीवही पाहा. धातूतून उजेड आरपार जात नाही, त्यामुळे छत अंधारात राहते. खोलीत हा एकटा दिवा पुरणार नाही. शिवाय रचना झाली ती चहूकडे प्रकाश देणाऱ्या जुन्या फिलामेंट बल्बसाठी. आपला नेहमीचा एलईडी बल्ब बराचसा प्रकाश पुढे, म्हणजे इथे खाली, फेकतो. तो वाटीतच अडकतो आणि वरचा अर्धगोल उपाशी राहतो. असा दिवा किंवा त्याची नक्कल घेतलीत, तर फिलामेंटसारखी रचना असलेला एलईडी बल्ब लावा.