बंगल गेला, जेस्ट आला

तीन वर्षांपूर्वी मी गेम खेळणाऱ्या मराठी पोरापोरींच्या एका सर्व्हरचा ॲडमिन होतो. तिथे एकजण आमच्यातल्या एका मुलीला सतत घाणेरडे मेसेज पाठवायचा. आम्ही त्याला बॅन केलं. चार दिवसांत तो दुसऱ्या नावाने परत आला. पुन्हा बॅन, पुन्हा नवं नाव. असं पाच वेळा झालं. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे मला हा सरळ तांत्रिक प्रश्न वाटला. दार नीट लागत नाहीये ना, मग कडी बदलू.

त्याच दिवसांत एका मित्राने ज्युलियन डिबेलचा ‘अ रेप इन सायबरस्पेस’ हा निबंध पाठवला. १९९३च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ‘द व्हिलेज व्हॉइस’मध्ये आलेला. रात्री दोनपर्यंत जागून वाचला आणि भारावून गेलो. परवा पुन्हा वाचला. निबंध अजूनही थोर आहे, पण एका जागी तो कमी पडतो असं आता वाटतं.

आधी गोष्ट सांगतो. लॅम्डामू हे कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्कच्या एका कॉम्प्युटरवर चालणारं जग. चित्र नाही, आवाज नाही, फक्त मजकूर. लोक टाइप करून या खोलीतून त्या खोलीत जात, गप्पा मारत. मार्च १९९३मधल्या एका रात्री मिस्टर बंगल नावाचं पात्र तिथल्या दिवाणखान्यात आलं. त्याच्याकडे ‘वूडू बाहुली’ नावाचा एक प्रोग्रॅम होता. तो वापरला की दुसऱ्याच्या पात्राने अमुक कृत्य केलं, असं वाक्य सगळ्यांच्या स्क्रीनवर उमटे. बंगलने त्यातून लेग्बा आणि इतर पात्रांकडून भर दिवाणखान्यात लैंगिक अत्याचाराची दृश्यं ‘करवून’ घेतली. लेग्बामागची बाई सिॲटलमध्ये होती. तिथे तिच्या अंगाला कुणी हात लावला नव्हता, पण ती रडली. ते रडणं खरं होतं, हे डिबेल नीट ऐकतो. निबंधाची खरी ताकद मला इथे दिसते. ‘इंटरनेटवरचं काय मनावर घ्यायचं’ हे आपण आजही ऐकतो. त्याचं उत्तर डिबेलने तीस वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय.

लेग्बाने बंगलला ‘टोड’ करा अशी मागणी केली. टोड म्हणजे बेडूक. लॅम्डामूत त्याचा अर्थ पात्र कायमचं पुसून टाकणं. हा अधिकार ‘विझर्ड’ म्हणवणाऱ्या प्रोग्रॅमर मंडळींकडे. पण त्यांचा प्रमुख पावेल कर्टिस याने काही महिने आधीच जाहीर केलं होतं, की सामाजिक भांडणांत विझर्ड पडणार नाहीत. मग सभा भरली, तासन् तास चर्चा झाली, निर्णय झाला नाही. शेवटी एका विझर्डने एकट्याने कमांड टाइप केली आणि बंगल संपला. कर्टिस परत आल्यावर त्याने याचिका आणि मतदानाची व्यवस्था उभी केली. डिबेलला यात एका डेटाबेसचा समाज होताना दिसतो.

आता माझी तक्रार. टोड झाल्यानंतर काही दिवसांतच डॉक्टर जेस्ट नावाचं नवं पात्र लॅम्डामूत फिरू लागलं. वागण्यावरून लोकांनी ओळखलं, हा बंगलच. डिबेल हे लपवत नाही. पण त्याच्या मांडणीत जेस्ट शेवटाकडे येतो, उपसंहारासारखा. सभा, वाद, लोकशाही हे सगळं घडून गेल्यावर. मला वाटतं, निबंधाचा मध्यबिंदू तोच असायला हवा होता. ज्या शिक्षेसाठी एवढं जग घुसळून निघालं, ती शिक्षा नवं नाव घेऊन चुकवता येते. मग त्या शिक्षेने नेमकं काय केलं?

त्या वेळी मी हा प्रश्न स्वतःला विचारलाच नाही. मी कड्या बदलत बसलो. आधी आयपी ॲड्रेस अडवला. पण आपल्याकडे मोबाईल कंपन्या एका आयपीमागे कितीतरी ग्राहक बसवतात. त्यामुळे तो नेटवर्क बदलून आत आला आणि भलतेच दोघं बाहेर अडकले. मग सात दिवसांपेक्षा जुनं अकाउंट हवं, असा नियम केला. मग फोन नंबर. मग नवीन आलेल्या प्रत्येकाच्या टायपिंगच्या सवयी त्याच्याशी ताडून बघू लागलो. एका नव्या पोराला निव्वळ ‘हाहाहा’ लिहिण्याच्या पद्धतीवरून मी हाकललं. तो कुणी वेगळाच निघाला.

याचा हिशोब एरिक फ्रीडमन आणि पॉल रेझ्निक यांनी २००१मध्ये एका शोधनिबंधात मांडलाय. नाव बदलणं फुकट असेल, तर जुन्या लोकांना प्रत्येक नवख्याकडे संशयाने बघावं लागतं. विश्वास कमावेपर्यंत नवख्याला भुर्दंड सोसावा लागतो. म्हणजे परत येणाऱ्या ट्रोलची किंमत दाराशी उभा असलेला निरपराध माणूस भरतो. डिबेलच्या निबंधात असा कुणी नवखा नाही. सभेत बोलणारे बहुतेक सगळे आधीपासून आत बसलेले आहेत.

मग नाव महाग करावं का? पॅन, आधार, चेहऱ्याचा फोटो मागावा का? इथे मला गावाकडचं वाळीत टाकणं आठवतं. तिथे बहिष्कार इतका भीषण चालतो, कारण माणसाला नवं नाव घेता येत नाही. आडनाव, जात, घर सगळ्यांना ठाऊक. पाणवठ्यापासून लग्नापर्यंत सगळं तोडता येतं. म्हणून तर महाराष्ट्राला २०१६मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. पक्कं लागणारं दार पंचांच्या हातात गेलं की काय होतं, हे आपल्याला माहीत आहे. आणि ॲडमिन हा पंचच असतो. ‘हाहाहा’वरून निकाल देणारा मी वेगळा कोण होतो?

म्हणून बॅन निरुपयोगी, असं मात्र मी म्हणणार नाही. दार म्हणून तो गळकाच राहणार. पण टोड होण्याने लेग्बाला एक उत्तर मिळालं, की तुझ्यासोबत जे झालं ते आम्ही झालं असं मानतो. जेस्ट परत आला तरी ते उत्तर खोटं ठरत नाही. डिबेलला हे अर्धं दिसलंय. राहिलेलं अर्धं वूडू बाहुलीत आहे. निबंधाचा बहुतेक भर बंगलचं काय करायचं यावर आहे. पण दुसऱ्याच्या नावाने वाक्य उमटवण्याची मुभा मुळात कुणालाही का होती? इंजिनिअर म्हणून मला ती परमिशनची चूक दिसते. माणूस हजार नावांनी येईल, पण बाहुली एकदाच काढून घ्यावी लागते.

आमच्या सर्व्हरवरची बाहुली साधी होती. आल्या आल्या कुणीही कुणालाही खाजगी मेसेज पाठवू शकत होतं. ती सोय मी शेवटी बंद केली. समोरच्याने हो म्हटल्याशिवाय खाजगी मेसेज नाही, असं केलं. फोन नंबरची अट काढून टाकली. तो पुन्हा आला असेलही, पण त्याच्या हातात फार काही उरलं नाही.

हे काम दहा मिनिटांचं होतं. पण ते मी पाचव्या बॅननंतर केलं. तोवर ती मुलगी सर्व्हर सोडून गेली होती. जाताना तिने फक्त एवढंच विचारलं होतं, “तुम्ही सगळे त्यालाच का शोधताय?”