वीस मिनिटे आणि बहात्तर तास

बालविकास आणि कौटुंबिक संबंध हा विषय विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला 'अनोळखी प्रसंग' हा प्रयोग विचारून पाहा. तो बहुधा घडाघडा सांगेल. एक खोली, जमिनीवर खेळणी, वर्षाच्या आसपासचे मूल आणि त्याची आई. एक अनोळखी बाई आत येते. आई बाहेर जाते, परत येते. पुन्हा जाते, पुन्हा येते. एकूण आठ टप्पे आणि वीसेक मिनिटे. आई परतल्यावर मूल तिला बिलगून शांत झाले तर त्याची आसक्ती 'सुरक्षित', तिच्याकडे पाठ फिरवली तर 'टाळणारी', बिलगले आणि चिडून हातपायही झाडले तर 'विरोधी'. एवढ्या उत्तराला पूर्ण गुण मिळतात. आमची तक्रार आहे ती या पूर्ण गुणांबद्दल.

आसक्ती हा पुस्तकातला शब्द. घरात आपण त्याला लळा म्हणतो. लळा मोजण्याची ही रीत मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे बसवली. परंतु खोलीतल्या वीस मिनिटांच्या आधी त्यांनी काय केले होते, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते. बाळ तीन आठवड्यांचे झाल्यापासून ५४ आठवड्यांचे होईपर्यंत त्यांचे निरीक्षक २६ कुटुंबांच्या घरी दर तीन आठवड्यांनी जात होते. एकेक भेट सुमारे चार तासांची असे. अशी एकेका बाळामागे सुमारे ७२ तासांची निरीक्षणे जमली. बाळ रडल्यावर आई किती वेळाने त्याच्याकडे जाते, पाजताना त्याच्या कलाने घेते की नाही, अशा या नोंदी होत्या. त्यांचा आणि खोलीतल्या वागण्याचा मेळ बसताना दिसला, म्हणून त्या वीस मिनिटांना अर्थ आला. १९९७ साली ६६ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा हा संबंध टिकला खरा, पण पहिल्या अभ्यासापेक्षा बराच क्षीण निघाला.

त्याहून मागे गेले तर आपण युगांडात पोचतो. १९५४ मध्ये एन्सवर्थबाई दुभाषीच्या मदतीने कंपालाजवळच्या गावांत २६ कुटुंबांतील २८ मुले पाहत होत्या. तिथे प्रयोगाची खोली नव्हतीच. मूल कोणाकडे रांगत जाते, कोणाच्या कडेवर शांत होते, हे त्या घरांत बसून टिपत होत्या. आईखेरीज घरातल्या इतर माणसांचाही मुलांना लळा लागतो, हे त्यांनी तेथे नोंदवले. म्हणजे या शास्त्राचा पाया पाहण्यात होता. आपण मात्र विद्यार्थ्याच्या हातात फक्त तीन नावांचे कोष्टक देतो.

ते कोष्टक दुसऱ्या देशात नेल्यावर काय झाले? बाल्टिमोरमध्ये सुमारे दोन तृतीयांश मुले 'सुरक्षित' ठरली होती. जर्मनीतील बीलेफेल्ड येथे कारिन आणि क्लाउस ग्रॉसमन यांनी ४९ मुले पाहिली. त्यांतील जवळजवळ निम्मी 'टाळणारी' निघाली. त्या भागात मुलाने लवकर स्वतंत्र व्हावे अशी आईबापांची अपेक्षा असते, असे ग्रॉसमन दांपत्याने दाखवून दिले. जपानमधील साप्पोरो येथील ६० मुलांत 'टाळणारे' एकही नव्हते, पण सुमारे एक तृतीयांश 'विरोधी' होती. केइको ताकाहाशी यांचे म्हणणे असे, की तिथल्या घरांत तान्ह्या मुलाला एकटे ठेवण्याची रीतच नाही; तेव्हा खोलीत एकटे पडणे त्याला सोसवत नाही. त्याच तीन मिनिटांचा ताण सर्व मुलांना सारखा नसतो.

याचा अर्थ प्रयोग टाकाऊ आहे असा मुळीच नाही. व्हॅन आयझेंडूर्न आणि क्रोनेनबर्ग यांनी १९८८ मध्ये आठ देशांतील ३२ अभ्यास एकत्र पाहिले. एकंदरीत 'सुरक्षित' मुलेच अधिक होती, आणि देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातील निरनिराळ्या अभ्यासांतला फरक मोठा होता. तेव्हा 'जपानी मुले अशी, भारतीय मुले तशी' असे ठोकून देणेही तितकेच चुकीचे ठरेल.

धोका आहे तो नाव चिकटवण्याचा. बालवाडीत आई घ्यायला आली तरी खेळ न सोडणारे मूल पाहून ताजा पदवीधर 'टाळणारी आसक्ती' म्हणून मोकळा होतो. कदाचित त्या मुलाला सकाळपासून आजीने सांभाळलेले असेल, किंवा त्याचा खेळ रंगात आलेला असेल. गटाच्या संशोधनासाठी घडवलेले साधन एकेका मुलाचे निदान करायला पुरत नाही. मुलाचा ताबा कोणाकडे द्यावा अशा न्यायालयीन प्रकरणांत या सिद्धांताचा गैरवापर होतो, असा इशारा याच क्षेत्रातील सुमारे ७० तज्ज्ञांनी २०२१ मध्ये एकत्रितपणे दिला. एका शब्दाने एखाद्या आईचे मूल दुरावू शकते, इतकी ही गोष्ट गंभीर आहे.

बाहेरचे साधन कसे घ्यावे याचा चांगला धडा आपल्या शेजारीच आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॅन्सी बेली यांच्या अमेरिकन शिशुविकास मापन्या जशाच्या तशा वापरल्या नाहीत. त्यांनी बडोद्यातील मुले तपासली आणि त्यावरून १९७० मध्ये अडीच वर्षांपर्यंतच्या भारतीय मुलांसाठी निकष बसवले. आधी मूल पाहिले, मग मोजपट्टी ठरवली.

आमची सूचना साधी आहे. या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने, घरच्यांच्या संमतीने, एकाच मुलाच्या घरी सहा महिने महिन्यातून दोनदा जावे. मूल पडले की कोणाकडे धावते? त्याला कोण भरवते, कोण निजवते? मोठी बहीण, आजी, शेजारची मावशी यांचा वाटा किती? जे दिसेल तेवढेच लिहावे. नाव देण्याची घाई करू नये. शाळेतल्या शिक्षकालाही हे एका वर्गातल्या एका मुलापुरते करता येईल. 'अनोळखी प्रसंग' त्यानंतर शिकवावा. तो तेव्हा नीट कळेल, आणि त्याने काय सांगता येत नाही, हेही कळेल.