दांडीच्या लांबीतलं शहाणपण

लुइझियानातल्या अचाफलायाच्या दलदलीत बदकांच्या शिकारीला निघणाऱ्या होड्या लहान, सपाट बुडाच्या असतात. त्यांच्या मागच्या फळीवर बसणाऱ्या यंत्राला मड मोटर म्हणतात. एरवी पाण्याचा पंप चालवणारं साडेसहा अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन, त्याला जोडलेली लांब नळी, नळीत फिरणारी दांडी आणि टोकाला वीतभर पंखा, एवढाच ऐवज. थायलंडच्या कालव्यांत अशा लांब शेपटीच्या होड्या पूर्वीपासून धावतात. लुइझियानात बॅटन रूजच्या वॉरन कोको यांनी १९७७ मध्ये ‘गो-डेव्हिल’ नावाने या मोटरींचा कारखाना काढला. तरीही रसिकाने पाहावी ती मागच्या अंगणात, वेल्डिंग करून जुळवलेली मोटर. तिच्यावर झाकण नसतं, त्यामुळे करणाऱ्याला पाणी किती कळलं ते प्रत्येक सांध्यावर वाचता येतं.

या पाण्यात नेहमीची आउटबोर्ड मोटर का हरते, हे आधी पाहायला हवं. ती थंड राहण्यासाठी बाहेरचं पाणी आत ओढते. इथे पाण्याबरोबर गाळ येतो, वाट तुंबते आणि इंजिन तापतं. तिचा पाय सरळ खाली उतरतो, तो बुडलेल्या ओंडक्यांवर आपटतो. त्यात जलपर्णी. १८८४ च्या न्यू ऑर्लिन्स प्रदर्शनापासून ती या भागात फोफावली, असं सांगतात. पुण्यात मुळा-मुठेकाठी राहणाऱ्याला तिची ओळख करून द्यायला नको. मड मोटरने पहिली अडचण सुरुवातीलाच निकालात काढली. तिचं इंजिन हवेवर थंड होतं, त्यामुळे गाळ आत शिरायला वाटच उरत नाही.

खरी करामत दांडीच्या लांबीत आहे. इंजिनची दांडी पाण्यापासून दीड फूट उंचीवर आहे असं धरू. तीन फुटांची दांडी लावली तर ती तीस अंशांच्या उतारात बुडेल. पंख्याचा बराच जोर होडीचा मागचा भाग उचलण्यात वाया जाईल. शिवाय दांडी इंजिनला थेट जोडलेली, म्हणून इंजिनही तेवढंच कलेल. अशा लहान इंजिनांत तेल आतल्या आत उडवून वंगण होतं आणि त्यांना साधारण वीस अंशांपर्यंतचाच कल मानवतो. तीच दांडी साडेपाच फुटांची केली की उतार पंधरा-सोळा अंशांवर येतो. जोर मागे लागतो, इंजिनला वंगण मिळतं आणि पंखा तळात न रुतता पृष्ठभागालगत फिरतो. एका मापाने तीन प्रश्न सुटतात.

दुसरी पाहण्याची जागा नळीच्या आत आहे. पंखा होडीला पुढे ढकलतो, तेव्हा तो सगळा रेटा दांडीवरून इंजिनकडे चढतो. पंप चालवायला केलेल्या इंजिनचा क्रँक असा रेटा सोसायला बनवलेला नसतो. जाणता कारागीर हा रेटा झेलणारं बेअरिंग नळीतच बसवतो. उतावळा कारागीर फक्त कपलिंग आवळून मोकळा होतो. खालच्या टोकाला बुश आणि ऑइल सील लागतं, नाहीतर बारीक रेती आत शिरून दांडी खाते. पंख्याच्या वर आडवी पट्टी असते, तिच्यामुळे पंखा वरची हवा ओढत नाही. खाली पोलादी पातं असतं, ते ओंडक्यावर टेकलं की बिजागरीवरची सगळी शेपटी वर उचलली जाते आणि ओंडका खालून सरकतो.

ती बिजागरी कुठे बसवायची, हा हाताच्या अंदाजाचा भाग. इंजिनचं वजन एका बाजूला, शेपटीचं दुसऱ्या बाजूला, ताजव्याच्या दोन पारड्यांसारखं. बिजागरी योग्य जागी असेल तर एवढी लांब शेपटी एका हाताने पाण्याबाहेर निघते. दोन इंच चुकली तर संध्याकाळी खांदा बोलतो.

उणिवा लपवण्यात अर्थ नाही. ना गिअर, ना उलटी चाल. इंजिन सुरू असेतो पंखा फिरणारच, म्हणून दोरी ओढताना शेपटी पाण्याबाहेर धरावी लागते. शेपटी वळवायला मागे भरपूर मोकळी जागा लागते. आवाज तर असा, की बदकांच्या जागेच्या बराच आधी मोटर बंद करून पुढे बांबूने रेटत जाणंच बरं. उघड्या फिरत्या पंख्याचा धोका मोठा. हँडलशी तत्काळ इंजिन बंद करणारी दोरी नसेल, तर ती मोटर कितीही देखणी असली तरी अपुरीच म्हणायची.

दांडी ज्या होडीच्या फळीची उंची मोजून कापली, तिलाच ती खरी शोभते. उंच फळीच्या होडीवर नेली की कोन बिघडतो आणि सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. म्हणून अशी मोटर पारखताना इंजिनचा ब्रँड शेवटी विचारावा. आधी बेअरिंग पाहावं. ज्याने तिथे पैसे खर्च केले आणि रंगात वाचवले, त्याला चिखल कळला.