अमर शेख : दुसऱ्याच्या शब्दाचा गायक

शाहीर अमर शेख यांचा विषय निघाला की आचार्य अत्र्यांनी त्यांना दिलेल्या ‘महाराष्ट्राचा मायकोव्हस्की’ ह्या पदवीचा उल्लेख करण्याचा प्रघात आहे. पदवी गौरवाची खरी. परंतु समीक्षेच्या दृष्टीने ती काहीशी दिशाभूल करणारी आहे. मायकोव्हस्की व्यासपीठावरून गर्जत असे ती स्वतःची कविता. अमर शेखांनी आपल्या पहाडी आवाजाचा फार मोठा भाग दुसऱ्याच्या शब्दांसाठी वेचला, आणि त्यांच्या कार्यकर्तेपणाचे मर्म येथेच शोधावे लागते.

बार्शीच्या महबूब हुसेन पटेल ह्या गिरणीकामगाराचे (जन्म १९१६) ‘अमर शेख’ हे नाव कोल्हापुरातले. मास्टर विनायकांच्या चित्रसंस्थेत काही काळ नोकरी करीत असता ते त्यांना मिळाले. चित्रपटाच्या वाटेने कीर्ती शोधणे त्या आवाजाला अवघड नव्हते. पण १९४४ साली अण्णाभाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. पथकात कवी एक, गाणारा दुसरा आणि गाण्याचा धनी श्रोता, असा व्यवहार होता. अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड याचे ठळक उदाहरण होय. मुंबईला पोटासाठी आलेल्या मजुराचा विरह गाता गाता ती खंडित महाराष्ट्राच्या दुःखाकडे वळते. हे वळण कागदावर काहीसे आकस्मिक भासते. गायनात मात्र शृंगाराची तीच चाल कायम राहते, आणि म्हणूनच राजकीय आशय वरून चिकटविल्यासारखा वाटत नाही. ‘प्रचारकी’ हा शिक्का मारणाऱ्यांनी केवळ संहिता वाचली, एवढेच म्हणावे लागेल.

‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) ह्या त्यांच्या स्वतःच्या संग्रहांविषयी मात्र असे निःशंकपणे म्हणता येत नाही. आई मुनेरबींकडून आलेला लोकगीतांचा वारसा जेथे बोलतो, तेथे रचना सहज उभी राहते. जेथे ते ग्रंथस्थ कवीचा पेहराव चढवितात, तेथे शब्द जड होतात. पुनरुक्ती व संबोधनांचा भरणा हे दोष वाचकाला जाणवतात. पण मैदानातील शेवटच्या रांगेपर्यंत ओळ पोहोचविण्याचे तेच साधन होते, हेही ध्यानात घेणे अगत्याचे आहे. (आपल्या छंदःशास्त्राने ह्या अंतराचा विचार क्वचितच केला.)

२९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ अपघातात त्यांचा अंत झाला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा त्या छक्कडीतील बेळगाव, कारवार, निपाणी राज्याबाहेरच राहिली. निपाणी कोल्हापूरपासून चाळीसएक किलोमीटरवर आहे.