जात दिसते, माणूस कुठे आहे?

विल्यम जॉन्सनचे मुंबईतील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये निघाले. माणसे एकीकडे टिपायची आणि त्यांच्यामागे दुसरेच दृश्य चिकटवायचे, ही त्याची रीत. खाली जातीचे नाव. म्हणजे माणसाचे नाव तर गेलेच, उभे राहायची जागाही उसनी! सरकारी ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांनी (१८६८–७५) हाच खाक्या देशभर नेला.

आज संग्राहक असली जुनी छायाचित्रे हौसेने जमवतात. जमवोत. पण कागद, छायाचित्रकार, साल यांची बारीक नोंद ठेवणारा हा रसिक चेहऱ्याखाली जुनीच जात निमूट उतरवून घेतो, तेव्हा तो साहेबाचा कारकूनच ठरतो. आपल्या वस्त्यांतल्या भिंतींवर अजून फोटो आहेत. त्यांतली नावे सांगणारी म्हातारी माणसेही आहेत. विद्यार्थ्यांनी वही घेऊन आधी तिथे जावे.