आकाशस्थ इंधनभरण : गणिती प्रतिमानातील कर्ता आणि कर्म

१९२३ च्या जूनमध्ये सॅन डिएगो येथे अमेरिकन सैन्याच्या एका विमानाने दुसऱ्यास उडत असतानाच पेट्रोल दिले, तेव्हा लोंबत्या नळीचे टोक हाताने पकडावे लागले होते. पकडण्याचे हे काम पुढे दोन रीतींनी यंत्राकडे गेले. सर ॲलन कॉबम यांच्या कंपनीने १९४९ मध्ये सिद्ध केलेल्या रीतीत टँकर लवचीक नळी सोडतो. तिच्या टोकाशी ड्रोग नावाची टोपली असते आणि मागील वैमानिक आपल्या विमानाचा प्रोब तीत घुसवतो. बोइंगच्या रीतीत ताठ बूम टँकरमधील चालक पुढे करतो. मागील विमानाने केवळ आपली जागा धरून ठेवावयाची. ‘टँकरने इंधन भरले’ आणि ‘विमानाने इंधन भरले’ ही दोन्ही वाक्ये मराठीत चालतात. परंतु जोडणी करणारा कोण, हे या दोन रीतींत निराळे असते.

या विषयाचे जे सर्वांत सोपे प्रतिमान मांडले जाते, त्यात हा भेद पुसला जातो. टँकर समगतीने सरळ उडतो असे धरावयाचे, मागील विमानाची समीकरणे एकघाती करावयाची, एक लक्ष्यबिंदू ठरवावयाचा आणि त्यापासूनचे अंतर शून्यावर आणणारा नियंत्रक रचावयाचा. टँकरच्या पंखांमागे हवा खाली ढकलली जाते, म्हणून मागील विमानास उंची राखण्यासाठी अधिक शक्ती लागते. इंधन येऊ लागले की वजन वाढते, गुरुत्वमध्य सरकतो. या गोष्टी समीकरणांत बसवता येतात. वजनाचा बदल तर इतका संथ असतो की साधा नियंत्रकही तो पचवतो.

अडचण ‘लक्ष्य’ या शब्दापाशी आहे. ड्रोग हे निमूट कर्म नव्हे. विमानाचे नाक जवळ येते तसा त्यापुढील हवेचा दाब ड्रोगला बाजूस सारतो. म्हणजे लक्ष्याचे पळणे पाठलागामुळेच घडते. पळत्या ड्रोगमागे धावणारा नियंत्रक प्रत्येक वेळी थोडा उशिरा पोहोचतो आणि आंदोलने वाढवतो. वैमानिकांना हे ठाऊक असते. ड्रोगवर डोळे न रोखता टँकरवरील खुणा धरून उडावे, असे त्यांना शिकवतात. जवळ येण्याचा वेगही सुमारे ३ ते ५ नॉट एवढाच राखावयाचा. कमी पडला तर जोड बसत नाही, अधिक झाला तर नळी ढिली पडून तिच्यातून चाबकासारखी लाट धावते आणि प्रोब मोडू शकतो. म्हणून नळीस जोडलेल्या दांड्यांची साखळी मानणारे, तिच्या गुंडाळीचा ताण आणि नाकापुढील प्रवाह दोन्ही हिशेबात घेणारे प्रतिमानच येथे ग्राह्य होय.

२००६ मध्ये नासाच्या एफ/ए-१८ विमानाने स्वयंचलित जोडणी केली. २०१५ च्या एप्रिलमध्ये वैमानिकरहित एक्स-४७बी विमानाने टँकरकडून इंधन घेतले. यश निर्विवाद आहे. तथापि जोडणी साधली की नाही, एवढीच कसोटी अपुरी ठरते. १७ जानेवारी १९६६ रोजी स्पेनमधील पालोमारेसवर बी-५२ विमान बूमधारी टँकरवर मागून आदळले आणि ७ जण मृत्यू पावले. तेथे प्रश्न बूम पकडण्याचा नव्हता, वेळीच मागे हटण्याचा होता. अंतर, वेग आणि नळीचा ताण यांच्या कोणत्या मर्यादेस प्रयत्न सोडून द्यावयाचा, आणि तो निर्णय दोहोंपैकी कोणत्या विमानाने घ्यावयाचा, हे प्रतिमानाच्या समीकरणांतच लिहिलेले असावयास हवे.