पडद्याच्या नादाची थट्टा : तीन शब्द

थट्टेचा शब्द कोणाला हसतो आणि कोणाला सोडून देतो, हे पाहिले की त्याची भूमिका कळते. मोबाइलच्या नादाला हसणारे तीन शब्द आपण या कसोटीवर तपासू.

पहिला शब्द ‘फबिंग’. ‘फोन’ आणि उपेक्षा या अर्थाचा ‘स्नबिंग’ यांपासून तो बनला. समोरच्या माणसाला डावलून फोनमध्ये डोके घालणे, हा त्याचा अर्थ. तो बोलण्याच्या ओघात जन्मलेला नाही. २०१२ साली ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी शब्दकोशाच्या प्रचारासाठी तो मुद्दाम घडवला गेला.

दुसरा शब्द जर्मनीतील ‘स्मोम्बी’ : स्मार्टफोन अधिक झोम्बी. फोनकडे पाहत रस्त्याने चालणारा तो स्मोम्बी. लांगेनशाइट या प्रकाशनसंस्थेच्या उपक्रमात २०१५ चा ‘युवाशब्द’ म्हणून त्याची निवड झाली. चिनी भाषेतही अशा लोकांना ‘मान खाली घातलेल्यांची जमात’ या अर्थाचा शब्द आहे. मराठीत मान खाली घालणे ही लाजेची किंवा नम्रतेची खूण. तीच मान आता बेफिकिरीची खूण झाली आहे.

या दोन्ही शब्दांत शोध घेणारी नजर बाहेरची आहे. तिला वाकलेली मान दिसते; मान का वाकली, ते दिसत नाही. दोष सगळा वापरणाऱ्याच्या पदरी पडतो.

तिसरा शब्द ‘ब्रेन रॉट’, म्हणजे मेंदूची कुजणी. हेन्री डेव्हिड थोरो यांच्या ‘वॉल्डन’ (१८५४) या पुस्तकात तो आढळतो. २०२४ साली ऑक्सफर्डने त्याला वर्षाचा शब्द ठरवले. आज तरुण मंडळी तो स्वतःलाच उद्देशून हसत वापरतात. शिवाय तो दुहेरी आहे : कुजलेला मेंदूही आणि कुजवणारा मजकूरही. म्हणून तिन्हींत हाच शब्द अधिक न्याय्य वाटतो. तो वाढणाऱ्यालाही पंगतीत ओढतो.

तरीही एक गोष्ट त्यातूनही निसटते. २००६ साली एझा रास्किन यांनी न संपणाऱ्या स्क्रोलची रचना केली आणि पुढे तिच्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. पान संपले की वाचक थांबतो. पानच संपले नाही तर थांबण्याची जागा उरत नाही. ही रचना डोळ्यांना दिसत नाही, म्हणून थट्टेच्या शब्दांत सहसा येत नाही.

विचारासाठी प्रश्न : तुमच्या भाषेत मोबाइलवेड्या माणसाला कोणता शब्द आहे? तो हसतो कोणाला : माणसाला, मजकुराला की यंत्र घडवणाऱ्याला?